तापीकाठच्या मंडळ्या : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास सांगणारे बहुतेक जण मुंबईपासून सुरुवात करतात, अहमदनगरला लांब मुक्काम करतात, नाशिकचे शरणपूर आणि जालन्याजवळचे बेथेल पाहतात आणि तिथेच थांबतात. खानदेश राहून जातो. फार तर दुष्काळाच्या प्रकरणात जळगाव, धुळे, नंदुरबार ही नावे एखाद्या ओळीत येऊन जातात. याचे कारण खानदेशात सांगण्यासारखे काही घडले नाही हे नव्हे. नगर-नाशिककडच्या मंडळ्यांना स्वतःचे लेखक लाभले. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक यांनी आपल्या माणसांबद्दल मराठीत लिहिले, आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ त्यांच्या हाताशी होता. खानदेशातल्या मंडळ्यांबद्दल जे लिहिले गेले ते बहुतांशी इंग्रजीत आणि स्वीडिशमध्ये, न्यूयॉर्क, शिकागो आणि योन्शॉपिंगच्या वर्गणीदारांसाठी. त्या वर्गणीदारांना मिशनऱ्याची हकीकत हवी होती आणि ती त्यांना मिळाली. पण त्या हकीकतीत बाप्तिस्मा घेणारा माणूस ‘एक भिल्ल’, ‘एक विधवा’, ‘आमचा विश्वासू उपदेशक’ एवढ्यावरच राहिला.

म्हणून हा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत मनाशी ठेवावी लागते. खानदेशातल्या मंडळ्या परदेशी पैशाने सुरू झाल्या, परदेशी नावांनी नोंदल्या गेल्या, पण त्या उभ्या केल्या आणि टिकवल्या त्या इथल्या माणसांनी. दुष्काळातून वाचलेली पोरे, गावोगाव पायी फिरणारे उपदेशक, घरोघर जाऊन वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया, भुसावळच्या रेल्वेतले नोकर, नवापूरकडचे मावची शेतकरी या सगळ्यांचा तो इतिहास आहे. मिशनरी त्यात आहेतच, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी इथे आयुष्य वेचले. पण ते पाहुणे होते आणि एक दिवस निघून गेले. मंडळी राहिली.

प्रथम काळाचा हिशोब पाहू. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिकपर्यंत जाऊन परत येताना पटकीने वाटेत वारले. १८३१ मध्ये अहमदनगरचे ठाणे सुरू झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी चर्च मिशनरी सोसायटीचे नाशिकचे. म्हणजे १८३० च्या दशकातच प्रोटेस्टंट मिशने खानदेशच्या दाराशी येऊन थांबली होती. दार उघडायला मात्र पुढची साठ वर्षे गेली. मधल्या काळात मालेगावला नाशिकचे उपठाणे झाले, आणि औरंगाबादेत पारशी घरातून ख्रिस्ती झालेले रतनजी नवरोजी चर्च मिशनरी सोसायटीचे काम पाहू लागले. या ठाण्यांवरून कोणी साहेब किंवा उपदेशक आग्रा रोडने धुळ्याकडे फेरी मारी, बाजारात बोले, पुस्तके विकी आणि पावसाळ्याआधी परत जाई. मुक्काम कोणी ठोकला नाही.

का ठोकला नाही, हे खानदेशची भूमी सांगते. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत, १८०३-०४ च्या दुष्काळात हा मुलूख उजाड झाला होता. गावेच्या गावे ओस होती आणि सातपुड्यापासून सातमाळ्यापर्यंतच्या डोंगरांत कंपनी सरकारची सत्ता नावापुरती होती. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, त्यानंतर कुठे रस्ते जरा निर्धास्त झाले. पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात हिवताप असा की सरकारी अंमलदारसुद्धा तिथली बदली टाळायला बघत. मिशनांकडे माणसे थोडी, पैसा थोडा, आणि नगर-नाशिकच्या दाट वस्तीत कामाला तोटा नव्हता. शिवाय मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेण्याचा रिवाज पाडला होता, जेणेकरून एकाच गावात दोन मिशनांची शाळा होऊ नये. त्या वाटणीत खानदेश बराच काळ कोणाच्याच वाट्याला मनापासून आला नाही.

हे चित्र आगगाडीने बदलले. १८६० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोचली. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरची गाडी सुरू झाली, १८७० मध्ये जबलपूरच्या बाजूने कलकत्त्याशी सांधा जुळला, आणि एका लहानशा खेड्याचे मोठे जंक्शन झाले. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, तारबाबू अशी इंग्रज आणि अँग्लो-इंडियन वस्ती तिथे आली. तिच्याबरोबर इंग्रजी उपासनाही आली. ही वस्ती आणि गावातला मराठी माणूस यांच्यात फार देवघेव नव्हती. पण त्या वस्तीच्या कडेला राहणारे बटलर, खानसामे, आया, मुंबई-मद्रासकडून आलेले देशी ख्रिस्ती कारकून यांनी रविवारी एकत्र बसायला सुरुवात केली. मिशन येण्याआधी पूर्व खानदेशात ख्रिस्ती माणूस पाहायला मिळे तो असा, रेल्वेच्या गणवेशात. पुढे मिशनची ठाणी कुठे पडली ते नकाशावर पाहावे: भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव. चारही रुळांवरची गावे. १९०० च्या सुमारास सुरतहून तापीच्या खोऱ्यातली गाडी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करीत अमळनेरपर्यंत आली आणि चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला. पश्चिमेकडची मिशन-ठाणीही त्याच रुळांच्या आसपास दिसू लागली.

मिशनांची नावे मात्र वाचकाला गोंधळात पाडतात, तेव्हा ती इथेच सोडवून घेतलेली बरी. खानदेशात ‘अलायन्स’ म्हणवणारी तीन मंडळे होती आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात तिन्ही एकच होऊन जातात. पूर्वेला, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’. ए. बी. सिम्सन या मूळच्या कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन पाळकाने १८८७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही चळवळ. वऱ्हाडात मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी हे दांपत्य आधीपासून काम करीत होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते या अलायन्सला मिळाले आणि अकोला, खामगाव, अमरावतीकडून काम पश्चिमेला खानदेशात उतरले. जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९०० मध्ये निघाले आणि त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. पश्चिमेला, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारात, ‘स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन’. तिचे संस्थापक फ्रेडरिक फ्रान्सन जन्माने स्वीडिश. त्यांनी १८९० मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्वीडिश-नॉर्वेजियन तरुणांना शिकवून जगभर पाठवायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत त्यांची माणसे पश्चिम खानदेशात स्थिरावली. १९४९ मध्ये या मिशनने नाव बदलले आणि ते ‘टीम’ या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले. तिसरे मंडळ खुद्द स्वीडनमधल्या योन्शॉपिंगचे, ‘स्वीडिश अलायन्स मिशन’, तेही फ्रान्सनच्याच प्रेरणेतून निघालेले आणि तेही पश्चिम खानदेशातच आलेले. नंदुरबारच्या शाळेच्या नावातली ‘एस. ए. मिशन’ ही अक्षरे याच अलायन्स परंपरेतली.

पूर्व आणि पश्चिम हे शब्द मी सैलपणे वापरलेले नाहीत. १९०६ मध्ये सरकारने खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी केली, एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. मिशनांची वाटणीही जवळजवळ याच रेषेवर पडली, आणि दोन्ही बाजूंच्या मंडळ्यांचे स्वभाव आजही त्या रेषेवर वेगळे होतात. पूर्वेकडच्या मंडळ्या गावठाणाच्या आणि शहराच्या, कापसाच्या जिनांजवळच्या, आकाराने लहान आणि शिक्षणाने पुढे गेलेल्या. पश्चिमेकडच्या मंडळ्या पाड्यांवरच्या, शेतीवर जगणाऱ्या, मोठ्या.

पण या सगळ्याच्या मुळाशी आहे १८९९-१९०० चा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ चा, म्हणून छप्पनचा. याच्याबद्दल घाईने लिहून चालणार नाही.

त्या साली पाऊस जवळजवळ आलाच नाही. खानदेशात आधी ज्वारी गेली, मग कडबा गेला, मग गुरे गेली. माणसे खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर गेली आणि १९०० च्या उन्हाळ्यात त्या छावण्यांत पटकी शिरली. भिल्ल वस्त्यांवर तर आघात दुहेरी होता. जंगलातली फळे-कंदमुळे संपली होती, आणि डोंगर सोडून खडी फोडायला जाण्याची त्यांना सवय नव्हती. रस्त्यांवर, स्टेशनांवर, छावण्यांच्या कडेला पोरे उरली. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या वाचकांनी पैसा जमवून ‘क्विटो’ नावाची बोट मक्याने भरून मुंबईकडे पाठवली, आणि तो मका मिशनांच्या हातून वाटला गेला. पंडिता रमाबाई गुजरातेतून मुली घेऊन केडगावच्या ‘मुक्ती’त आल्या. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने मुलांसाठी अकोल्याला आणि मुलींसाठी खामगावला अनाथाश्रम चालवले होते. दुष्काळात ते भरून वाहू लागले.

खानदेशातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांचा शोध मागे मागे घेत गेले की पुष्कळदा वाट या आश्रमांच्या दाराशी संपते. पणजोबा कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, ते कळत नाही. आश्रमात आलेल्या चार-पाच वर्षांच्या पोराला आपले नाव सांगता आले तर आले, गाव सांगता येईलच असे नव्हते. मग नाव पवित्र शास्त्रातले पडे आणि आडनाव कधी त्यातलेच, कधी सांभाळणाऱ्याच्या मर्जीचे.

‘पोटासाठी बाटले’ हा बोल या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. त्याला उत्तर द्यायचे तर दोन्ही बाजूंनी खरे बोलले पाहिजे. भुकेने मरू घातलेल्या पाच वर्षांच्या पोराने धर्म निवडला नव्हता. तेव्हा त्याला लोभी म्हणणे हा अन्याय, आणि त्याला मिशनच्या अहवालात ‘तारणाचे फळ’ म्हणून मोजणे हाही अन्यायच. बरेच मिशनरी हे स्वतः जाणत होते आणि पोरे जाणती झाल्याखेरीज त्यांना बाप्तिस्मा देऊ नये असा त्यांचा आग्रह होता. खरा प्रश्न आहे तो दुष्काळ सरल्यानंतरचा. १९१० पर्यंत ही पोरे तरुण झाली होती. मका संपला होता. रेल्वेत, गिरणीत, शेतावर काम मिळत होते आणि कोणी त्यांना बांधून ठेवले नव्हते. काही जण निघून गेलेही. जे राहिले त्यांनी आश्रमातल्याच मुलींशी लग्ने केली, सुतारकाम, विणकाम, मास्तरकी असे धंदे धरले, आणि जिथे गेले तिथे रविवारी सात-आठ माणसे जमवून गाणी म्हटली. ज्या पंगतीत ती जेवून वाढली तिच्यात महाराचे पोर होते, भिल्लाचे होते, कुणब्याचे होते, आणि कोण कोणाचे हे बरेचदा ठाऊकच नव्हते. जातीची गाठ त्या काळी अशी सुटलेली दुसरी जागा खानदेशात शोधून सापडणार नाही. हे कोणा सुधारकाने योजून केलेले नव्हते. मरणाने गाव आणि गोत पुसून टाकले, आणि उरलेल्यांनी एकमेकांना गोत केले. ही माणसे मंडळीत का राहिली, याचे उत्तर मला धान्याच्या कोठारापेक्षा या पंगतीत जास्त दिसते.

यानंतरच्या पिढीत मंडळीचा रोजचा भार वाहिला तो उपदेशकांनी आणि बायबलबायांनी. मिशनचा बंगला जळगावात किंवा धुळ्यात असे. साहेब हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघत, उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जात. खेड्यावर बारा महिने राहणारा माणूस म्हणजे उपदेशक. पगार तुटपुंजा, घर गावकुसाबाहेर, विहिरीच्या पाण्याची रोजची अडचण. तो शाळा चालवी, पत्रे वाचून दाखवी, अर्ज लिहून देई, तापात बसलेल्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करी. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या शिकवणीत येशू तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा असे चार पैलू सांगितले जातात. त्यांतला तिसरा खेड्यावर सगळ्यात आधी समजला, कारण डॉक्टर वीस कोसांवर होता. आजही खानदेशातल्या मंडळ्यांत आजाऱ्यासाठी प्रार्थना हा उपासनेचा गाभा असतो, त्याचे मूळ इथे आहे.

बायबलबायांचे काम तर लिहिण्यावाचून राहूनच गेले. १९०१ च्या सुमारास मुंबई इलाख्यात वाचता येणाऱ्या बायका शेकड्यात जेमतेम एक. अशा काळात आश्रमात वाढलेली, नऊवारी नेसलेली, हातात पुस्तक घेतलेली बाई एखाद्या ओसरीवर येऊन बसते आणि वाचून दाखवते, हेच ऐकणाऱ्या बायकांना नवल होते. त्यांच्यापैकी फार थोड्या ख्रिस्ती झाल्या. पण पाटी कोणी मागितली, टाका घालायला कोणी शिकली, लेकीला शाळेत घालायचे कोणी ठरवले. मिशनच्या वार्षिक हिशोबात हे येत नाही, कारण त्यात रकाना बाप्तिस्म्यांचा असे.

उपासनेच्या भाषेकडेही इथे लक्ष द्यायला हवे. मंडळीत वाचला जाणारा मराठी शास्त्रपाठ, म्हटले जाणारे ‘उपासना संगीत’ हे सारे नगर, नाशिक, मुंबई, पुणे इथल्या पंडितांच्या लेखणीतून आलेले. ‘उपासना संगीता’त टिळकांची गीते दोनशेहून अधिक आहेत. त्यांच्या अभंग-ओव्यांच्या चाली खानदेशातल्या माणसाला वारीमुळे जवळच्या होत्या. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी रुजवलेले ख्रिस्ती कीर्तनही पुढे गावोगाव पसरले. पण बाकावर नव्हे, सतरंजीवर बसलेला माणूस घरी अहिराणी बोलत होता, जळगावकडे लेवा बोली, नवापूरकडे मावची. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच काळात, त्याच मातीत, आपल्या बोलीत ओव्या रचत होत्या. मंडळीला मात्र स्वतःच्या बोलीत गाणे फार उशिरा मिळाले. प्रार्थना प्रमाण मराठीत सुरू होई आणि दुःखाचा भाग आला की आपसूक अहिराणीत उतरे. गंमत अशी की अहिराणी आणि मावचीच्या जुन्या छापील गद्य नमुन्यांत शुभवर्तमानातला एक उतारा आहे, पण तो मिशनने छापलेला नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राचा दृष्टांत घेतला गेला. १९०७ मध्ये निघालेल्या भिल्ली आणि खानदेशी बोलींच्या खंडात तो या बोलींतही आला. मंडळ्यांनी मात्र ती संधी बराच काळ घेतली नाही. माझ्या मते ही या मिशनांची सर्वांत मोठी उणीव.

पश्चिमेकडची गोष्ट वेगळ्या चालीने जाते. तिथे दुष्काळाइतकेच महत्त्व दारूला आणि सावकाराला आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळणे गुन्हा ठरवले आणि आदिवासी गुत्तेदाराच्या दुकानाला बांधला गेला. कर्जापायी जमीन गेली. या फासातून सुटण्याच्या वाटा आदिवासींनी स्वतः शोधल्या. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची लाट नाशिक, डांग, खानदेश, सुरत अशी पसरली. अंगात आलेली देवी सांगे, दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, गुत्त्यावर जाऊ नका. १९३० च्या दशकात तळोद्याच्या बाजूला गुला महाराजांच्या आरतीला हजारो भिल्ल जमू लागले, तिथेही दारू सोडण्याचीच आण होती. नवापूर-चिंचपाडा भागातल्या मावची आणि भिल्ल कुटुंबांनी ख्रिस्ती मंडळीकडे वळणे हे याच मोठ्या हालचालीच्या शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. एकच प्रश्न होता आणि लोकांनी त्याला तीन-चार उत्तरे दिली. एकाच पाड्यावर एक भाऊ देवीकडे गेला, एक भजनी झाला, एकाने बाप्तिस्मा घेतला, असे होऊ शकत होते. मिशनच्या अहवालांत बाकीच्या भावांचा उल्लेख नाही. चळवळींच्या अभ्यासकांनीही बाप्तिस्मा घेतलेल्या भावाकडे पुरेसे पाहिले नाही. दोघांचे लिखाण जोडून वाचल्याखेरीज पश्चिम खानदेशच्या मंडळ्या कळत नाहीत.

इथे बाप्तिस्मा एकट्यादुकट्याचा कमी, कुटुंबाचा आणि भाऊबंदांचा जास्त. त्यामुळे माणूस पाड्यातून तुटला नाही. शेत तेच राहिले, नाती तीच राहिली, ढोल राहिला, आणि होळीच्या जागी नाताळ हा वर्षाचा मोठा सण झाला. १९४२ मध्ये चिंचपाड्याला मिशनचे रुग्णालय सुरू झाले. हिवताप, क्षय, अडलेली बाळंतपणे यांच्यासाठी साऱ्या नवापूर तालुक्याला तोच आधार होता. १९७० च्या दशकात ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आले आणि आजही चालू आहे. आरोग्यासाठी फक्त प्रार्थनेवर भर देणाऱ्या परंपरेच्या शेजारी हे रुग्णालय उभे राहिले, आणि पाड्यावरच्या माणसाने प्रार्थना आणि इंजेक्शन दोन्ही घेतली, त्याला त्यात विरोध दिसला नाही.

या मंडळ्यांचा अभ्यास करणाऱ्याने कागदपत्रांबद्दल एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. नगर-नाशिककडच्या जुन्या मंडळ्यांत बाळांचा बाप्तिस्मा होतो, म्हणून तिथले रजिस्टर म्हणजे जन्मनोंदच. अलायन्स परंपरेत बाळाला मंडळीपुढे आणून फक्त देवाला अर्पण करतात. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या साक्षीने, पूर्ण बुडवून, नदीच्या डोहात किंवा विहिरीलगतच्या हौदात. त्यामुळे खानदेशातल्या रजिस्टरमध्ये माणूस प्रथम भेटतो तोच सतराव्या, विसाव्या, कधी चाळिसाव्या वर्षी. वंशावळ लावायला हे रजिस्टर निरुपयोगी ठरते. पण माणसाने केव्हा आणि कोणत्या प्रसंगी निर्णय घेतला हे शोधायला त्याच्याइतका चांगला कागद नाही. लग्नांची नोंद १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार होत असल्याने ती वही बहुधा व्यवस्थित असते. दफनाची वही सगळ्यात दुर्लक्षित, आणि प्लेग, पटकी, १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांचा हिशोब तिच्यातच आहे.

स्वातंत्र्यानंतरचा एक कागद मात्र रजिस्टरपेक्षा जास्त परिणाम करून गेला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जमातींना धर्माची अट लागू नाही. याचा अर्थ असा की नवापूरचा मावची ख्रिस्ती झाला तरी कायद्याने आदिवासीच राहिला, आणि जळगावकडचा महार किंवा मांग ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीतून बाहेर पडला. राज्यात त्याला इतर मागासवर्गात जागा मिळाली, पण गावकुसाबाहेरचे घर आणि त्याच्यावरची नजर बदलली नाही. पूर्व खानदेशातल्या मंडळ्यांची वाढ खुंटली आणि पश्चिमेकडच्या वाढत राहिल्या, यामागे उपदेशकांच्या तळमळीतला फरक शोधणाऱ्यांनी आधी हा फरक पाहावा. शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरी जागा असे जगावे लागलेल्या घरांबद्दल कठोर बोलण्याचा अधिकार बाहेरच्याला नाही.

१९५० नंतर मिशनरींना नवे परवाने मिळणे अवघड होत गेले. शेजारच्या वऱ्हाडात, जो तेव्हा मध्य प्रदेशात होता, नियोगी समितीने १९५४ ते १९५६ मध्ये मिशनांची चौकशी केली. खानदेश मुंबई राज्यात असल्याने तिच्या कक्षेबाहेर राहिला, पण एकाच अलायन्सचा मुलूख दोन्हीकडे पसरलेला असल्यामुळे झळ इथेही लागली. हळूहळू बंगले रिकामे झाले. शाळा, वसतिगृहे, जमिनी स्थानिक विश्वस्तांकडे आल्या आणि परदेशी पैसा आटला. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि नगर-नाशिककडच्या बहुतेक जुन्या मंडळ्या तिच्यात गेल्या. अलायन्सच्या मंडळ्या आपल्या वेगळेपणासह बाहेर राहिल्या. त्यांना बिशप नाही. मंडळी वडील निवडते, वडील पाळकांबरोबर कारभार बघतात. ही पद्धत लोकशाहीची खरी, पण मिशन कंपाउंडच्या जमिनीला शहरात सोन्याचा भाव आल्यावर तिची कसोटी लागली. महाराष्ट्रभर मंडळ्यांच्या मालमत्तांचे दावे धर्मादाय आयुक्तांकडे आणि कोर्टांत पडून आहेत. ज्या कंपाउंडमध्ये दुष्काळातल्या पोरांनी विहीर खणली ती जमीन कोणाची, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत सोडवताना त्या पोरांचे नाव कोठेच येत नाही, ही मला फार लागणारी गोष्ट आहे.

आता काम काय उरले आहे ते सांगतो. शिकागो आणि योन्शॉपिंगला पाठवलेले अहवाल परदेशात जपून ठेवलेले आहेत आणि ते मिळवणे आज अशक्य नाही. अडचण इथल्या कागदांची आहे. वह्या पाळकांच्या घरी, कपाटांत, पत्र्याच्या पेट्यांत आहेत. पाळक बदलला की पेटी हलते. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळासारखी जुने कागद सांभाळण्याची जाण असलेली संस्था आहे. खानदेशात कागद जपायची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. मंडळ्यांनी निदान वह्यांच्या नकला करून अशा ठिकाणी ठेवाव्यात. दुसरे काम बायकांच्या नावांचे. रजिस्टरमध्ये ‘अमक्याची बायको’ अशी नोंद झालेल्या बायबलबाईचे नाव तिच्या नातीला ठाऊक असते, आणि ती नात आज ऐंशीच्या पुढे आहे. तिसरे, नवापूर आणि चिंचपाडा भागातल्या मावची भाषेतल्या गाण्यांचे. ही गाणी कोणी रचली, कोणत्या ढोलाच्या चालीवर बसवली, कोणती जुनी पेरणीची किंवा लग्नाची चाल त्यात आली, हे सांगणारे म्हातारे अजून पाड्यांवर आहेत. पावसाळा संपल्यावर, भात कापणीच्या आधी, त्यांना सवड असते.